नोंदवहीबाहेरचे श्रम : फोर्मिगाच्या कारकिर्दीचे एक वाचन

२५ नोव्हेंबर २०२१ रोजी ब्राझीलमधील मानाउस शहरात ब्राझील आणि भारत यांच्या महिला फुटबॉल संघांत एक सामना झाला. ब्राझीलने तो ६-१ असा जिंकला. भारतीय वाचकांच्या स्मरणात त्या निकालातील 'एक' तेवढा राहिला, आणि ते स्वाभाविकच आहे. सामना सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती तोच मनीषा कल्याणने बरोबरी साधणारा गोल केला होता, आणि मोठ्या पराभवातही अभिमानाने सांगावा असाच तो गोल होता. ब्राझीलच्या प्रेक्षकांना मात्र तो सामना निराळ्या कारणासाठी महत्त्वाचा होता. दुसऱ्या सत्रात बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरलेल्या त्रेचाळीस वर्षांच्या एका खेळाडूचा राष्ट्रीय संघाकडून तो अखेरचा सामना होता. तिचे नाव मिराइल्देस मासियेल मोता. हे नाव फुटबॉलच्या चाहत्यांनाही चटकन ओळखू येणार नाही, कारण जग तिला 'फोर्मिगा' म्हणून ओळखते. पोर्तुगीज भाषेत फोर्मिगा म्हणजे मुंगी.

साहित्याच्या अभ्यासकांनी एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीकडे का वळावे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, ज्यांच्या कामाची नोंद ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती त्यांचा इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न आपल्याही विषयाच्या मुळाशी आहे. स्त्रियांच्या मौखिक साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना या अडचणीचा रोजचा परिचय आहे. फोर्मिगाची कारकीर्द हे याच अडचणीचे एक ठसठशीत उदाहरण आहे. शिवाय त्या कारकिर्दीचा जो गौरव होतो, त्यात एक गफलत दडलेली आहे असे आम्हाला वाटते. ती गफलत उलगडून दाखवावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधी आकडे सांगून टाकू. फोर्मिगा सात विश्वचषक स्पर्धा खेळली: १९९५, १९९९, २००३, २००७, २०११, २०१५ आणि २०१९. पुरुष असो वा स्त्री, इतक्या विश्वचषकांत दुसरे कोणी खेळलेले नाही. महिला फुटबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला १९९६ साली, अटलांटा येथे. तेव्हापासून २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंतच्या सातही स्पर्धांत ती होती. २००४ आणि २००८ अशी दोन ऑलिंपिक रौप्यपदके, २००७ च्या विश्वचषकाचे उपविजेतेपद आणि ब्राझीलकडून दोनशे तीसहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने. एवढ्यावर गौरवलेख सहज लिहिता येतो, आणि असे लेख पुष्कळ लिहिलेही गेले आहेत.

परंतु या आकड्यांत तिच्या खेळाविषयी जवळजवळ काहीच नाही. फोर्मिगा मधल्या फळीत खेळत असे, आणि तिथेही बहुतेक काळ बचावाच्या पुढ्यात. या जागेवरच्या खेळाडूचे काम काय असते? प्रतिस्पर्ध्याचा पास कुठून जाणार हे ताडून त्या वाटेत आधीच उभे राहणे. सहकारी पुढे धावली की तिची रिकामी झालेली जागा भरून काढणे. हिसकावलेला चेंडू पाचदहा पावलांवरच्या अधिक कुशल खेळाडूच्या पायाशी नेऊन देणे, आणि पुन्हा मागे फिरणे. गोल करणारीचे नाव फलकावर येते, गोल अडवणारीचे छायाचित्र छापून येते. जो हल्ला झालाच नाही, कारण कुणीतरी वेळेवर तिथे पोचले होते, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार? अलीकडे हिसकावलेले चेंडू आणि धावलेले अंतर मोजणारी साधने आली आहेत; फोर्मिगाची निम्मी कारकीर्द त्याआधीची आहे. तिला मिळालेले टोपणनावही या श्रमाचेच वर्णन आहे. स्वतःपुरते न पाहता सगळ्या वारुळासाठी राबणारी, म्हणून मुंगी. मराठी कानाला मुंगी म्हटले की लहानपणा आणि चिकाटी आठवते. ब्राझीलच्या मैदानावर त्या शब्दात सामूहिक कष्टाचा अर्थ अधिक होता.

या अदृश्य श्रमामागे आणखी एक, अधिक जुनी अदृश्यता उभी आहे. ती समजून घेतल्याशिवाय फोर्मिगाच्या कारकिर्दीचे वजन कळणार नाही.

फोर्मिगाचा जन्म ३ मार्च १९७८ रोजी ब्राझीलच्या ईशान्येकडील बाहिया राज्याची राजधानी साल्वादोर येथे झाला. त्या दिवशी ब्राझीलमध्ये स्त्रियांनी फुटबॉल खेळणे हे नियमबाह्य कृत्य होते. हे वाक्य अतिशयोक्त वाटेल, पण ते शब्दशः खरे आहे. १४ एप्रिल १९४१ रोजी जेतुलियो वर्गास यांच्या राजवटीत ३१९९ क्रमांकाचा अध्यादेश निघाला. देशातील क्रीडाव्यवस्थेची घडी बसवणे हा त्याचा उद्देश होता. त्याच्या ५४ व्या कलमाने स्त्रियांच्या निसर्गप्रकृतीशी विसंगत असणारे खेळ त्यांना खेळू दिले जाणार नाहीत, असे जाहीर केले. कलमात फुटबॉलचे नाव नव्हते. ते घेण्याची गरजही नव्हती. पुढे लष्करी राजवटीत, १९६५ साली, राष्ट्रीय क्रीडा परिषदेने नावानिशी यादीच केली आणि फुटबॉल, त्याचे दिवाणखानी व किनाऱ्यावरचे प्रकार, वॉटर पोलो, रग्बी, भारोत्तोलन, कुस्तीसारखे खेळ स्त्रियांना वर्ज्य ठरवले. ही बंदी उठली १९७९ मध्ये, आणि स्त्रियांच्या फुटबॉलला नियमांची चौकट मिळाली ती १९८३ मध्ये. म्हणजे फोर्मिगा वर्षाची झाल्यानंतर बंदी उठली, आणि ती पाच वर्षांची असताना तिच्या खेळाला अधिकृत रूप आले.

बंदी घालावी लागते ती अस्तित्वात असलेल्या गोष्टीवर. एका जुन्या समजुतीचे येथे निरसन केले पाहिजे. 'स्त्रिया पूर्वी फुटबॉल खेळतच नसत, हळूहळू खेळू लागल्या' अशी एक सरळ चढत जाणारी रेषा आपण मनाशी धरून असतो. इतिहास तसा नाही. रिओच्या उपनगरांत १९४० च्या सुमारास स्त्रियांचे संघ होते. त्यांच्यातला एक सामना १९४० मध्ये साओ पावलोच्या नव्याकोऱ्या पाकाएम्बु मैदानावर झाला. त्याच वर्षी जोझे फुझेइरा नावाच्या एका नागरिकाने राष्ट्राध्यक्ष वर्गास यांना पत्र लिहून, भावी मातांच्या आरोग्यावर कोसळू पाहणाऱ्या या संकटाकडे लक्ष वेधले. वर्षभरात अध्यादेश आला. इंग्लंडमध्येही असेच घडले होते. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या कामगार स्त्रियांच्या संघाचा खेळ पाहायला सुमारे ५३ हजार लोक जमले, आणि वर्ष उलटण्याच्या आत तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या अखत्यारीतील मैदाने स्त्रियांना बंद केली. तेव्हा ही रेषा चढती नाही, तुटलेली आहे. एक परंपरा सुरू झाली होती, ती कापून टाकण्यात आली, आणि नंतर जणू काही नव्याने सुरुवात होत आहे असे भासवण्यात आले.

ब्राझीलच्या बाबतीत हे अधिकच बोचते, कारण त्या देशाने आपली राष्ट्रकथाच फुटबॉलच्या भाषेत लिहिली. समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेइरे यांनी १९३८ च्या विश्वचषकाच्या काळात लिहिलेल्या लेखात ब्राझिलियन खेळाच्या लवचीक, नृत्यासारख्या शैलीचे नाते देशातील मिश्रवंशीयतेशी जोडले. १९४७ साली क्रीडापत्रकार मारियो फिल्यो यांचा ब्राझिलियन फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना फ्रेइरे यांचीच होती. गोऱ्या उच्चवर्गीयांच्या क्लबांतून सुरू झालेला खेळ काळ्या आणि मिश्रवंशीय खेळाडूंनी कसा आपला केला, याची ही कथा ब्राझीलच्या सांस्कृतिक इतिहासात फार महत्त्वाची आहे. पण दोन्ही लेखनांच्या मधोमध १९४१ चा अध्यादेश बसलेला आहे, याकडे लक्ष दिले म्हणजे त्या कथेतील 'आपण' कोण हे ध्यानात येते. सगळ्या राष्ट्राचा म्हणून जो देह या कथेत नाचतो, तो पुरुषाचा आहे. स्त्रीला या कथेत जागा होती ती प्रेक्षकाची. १९६८ साली क्लारिस लिस्पेक्तर यांनी आपल्या वृत्तपत्रीय सदरात फुटबॉलविषयी लिहिले. त्या बोताफोगो क्लबच्या चाहत्या होत्या, पण या खेळाविषयी त्या लिहितात त्या एका संकोचलेल्या, अनभिज्ञ प्रेक्षकाच्या भूमिकेतून. देशातील एका श्रेष्ठ लेखिकेचे फुटबॉलशी असलेले हे नाते आणि त्याच काळात अमलात असलेली बंदी, यांचा परस्परसंबंध अभ्यासकांनी अवश्य तपासावा.

साल्वादोरच्या गरीब वस्तीत वाढणाऱ्या, कृष्णवर्णीय घरातल्या मुलीला १९४१ चा अध्यादेश ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण अध्यादेश उठला तरी त्याने घडवलेली नजर उठत नाही. मुलांबरोबर गल्लीत खेळते म्हणून भावांच्या हातचा मार खाल्ल्याचे फोर्मिगाने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या आईचा उल्लेखही ती नेहमी करते. बंदीचा कायदा राबवायला पोलीस लागतातच असे नाही; थोरला भाऊही पुरतो.

तिच्या आधीच्या पिढीतील सिसी ही खेळाडूदेखील बाहियाचीच. बाहुल्यांची मुंडकी काढून ती त्यांचा चेंडू करीत असे, अशी तिने स्वतः सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. सिसीचा जन्म १९६७ चा, म्हणजे तिचे सगळे बालपण बंदीच्या काळातले. १९९९ च्या अमेरिकेतील विश्वचषकात तिने सात गोल केले आणि चीनच्या सुन वेनच्या बरोबरीने स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. नायजेरियाविरुद्ध उपान्त्यपूर्व सामन्यात जादा वेळेत तिने फ्री किकवर केलेल्या निर्णायक गोलाने ब्राझीलला उपान्त्य फेरीत नेले, आणि अखेर संघ तिसरा आला. फोर्मिगा त्या संघात एकवीस वर्षांची होती. तिचे पहिले पाऊल मात्र त्याआधी चार वर्षे, १९९५ मध्ये स्वीडनला पडले होते. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. यजमान स्वीडनला १-० असे हरवून ब्राझीलने चांगली सुरुवात केली, पण जपानशी १-२ आणि जर्मनीशी १-६ अशा पराभवांनंतर संघ गटात तळाला राहिला. पुरुषांच्या संघाने आदल्याच वर्षी चौथ्यांदा विश्वविजेतेपद मिळवले होते. त्या काळातील खेळाडूंनी सांगितलेल्या आठवणींत पुरुष संघाकडून उरलेले, अंगावर ढगळ होणारे कपडे घालून खेळण्याचा उल्लेख वारंवार येतो. आम्हाला तो केवळ दारिद्र्याचा तपशील वाटत नाही. दुसऱ्याच्या मापाचा पोशाख घालून देशाचे प्रतिनिधित्व करणे, ही त्या पिढीची नेमकी स्थिती होती.

१९९९ चे यश पाहून देशातील व्यवस्था जागी झाली, पण कशी ते पाहण्यासारखे आहे. २००१ साली साओ पावलो राज्याच्या महिला स्पर्धेची नव्याने आखणी झाली, तेव्हा प्रेक्षक खेचण्यासाठी खेळाडूंच्या सौंदर्याला महत्त्व देण्याचे धोरण ठरले; वय कमी असावे, केस बारीक कापलेले नसावेत, असे निकष वृत्तपत्रांतून उघड झाले. ज्या सिसीने दोन वर्षांपूर्वी देशाला तिसरे स्थान मिळवून दिले होते, तिचे केस विश्वचषकात अगदी बारीक कापलेले होते. १९४१ मध्ये सांगितले गेले की हा खेळ स्त्रीच्या प्रकृतीला मानवत नाही. २००१ मध्ये सांगितले गेले की खेळा, पण स्त्रीसारख्या दिसा. दोन्ही वेळी विषय खेळाचा नव्हता.

क्लबांच्या पातळीवरचा फोर्मिगाचा प्रवास नकाशावर मांडला तर तो एका खेळाडूच्या भटकंतीचा नकाशा उरत नाही. स्त्रियांना फुटबॉल खेळून पोट भरता येईल अशी जागा जगात कुठे कुठे आणि किती दिवस होती, याचा तो नकाशा होतो. नव्वदच्या दशकात साओ पावलो क्लब, मग देशातीलच लहानमोठे संघ; त्यानंतर स्वीडनमधील माल्मो; पुढे अमेरिका, जिथे २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गोल्ड प्राइड आणि २०१० मध्ये शिकागो रेड स्टार्स या संघांतून ती खेळली. यांतील गोल्ड प्राइड संघ २०१० मध्ये विजेता ठरला आणि त्याच वर्षी बंद पडला. ती व्यावसायिक लीगच २०१२ मध्ये गुंडाळली गेली. ब्राझीलमध्ये सान्तोस क्लबाच्या महिला संघाने २००९ आणि २०१० मध्ये दक्षिण अमेरिकेतील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, लिबेर्तादोरेस, जिंकली होती; २०१२ च्या आरंभी खर्चाचे कारण देऊन क्लबाने तो संघच मोडला. विजेतेपद हे देखील तगून राहण्याचे कारण ठरत नाही, अशा व्यवस्थेत फोर्मिगा पंचवीस वर्षे टिकली. तिने संघ बदलले असे म्हणण्यापेक्षा पायाखालची जमीन सरकत गेली आणि ती पुढच्या जमिनीवर पाय टाकत गेली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

२००४ ते २००८ ही चार वर्षे ब्राझीलच्या महिला संघाची सर्वांत तेजस्वी वर्षे. मार्ता आणि क्रिस्तियान या दोन असामान्य आघाडीच्या खेळाडू पुढे, आणि त्यांच्या पाठीमागे फोर्मिगा, अशी ती रचना होती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेकडून जादा वेळेत १-२ अशी हार. २००७ च्या जुलैमध्ये रिओच्या माराकाना मैदानावर, साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या तरुण संघावर ५-० असा विजय. या मैदानाचे अधिकृत नाव मारियो फिल्यो यांच्या नावावरून आहे. त्यांनी लिहिलेल्या राष्ट्रकथेत नसलेले एक प्रकरण त्या दिवशी त्यांच्याच नावाच्या मैदानावर लिहिले गेले. दोन महिन्यांनी चीनमधील विश्वचषकात अमेरिकेच्या मुख्य संघाला उपान्त्य सामन्यात ४-० असे हरवून ब्राझील अंतिम फेरीत पोचला आणि जर्मनीकडून ०-२ असा पराभूत झाला. त्यानंतर ब्राझीलच्या खेळाडूंनी एक फलक हाती धरला. आम्हाला पाठिंबा हवा आहे, असे त्यावर आपल्याच देशाला उद्देशून लिहिले होते. जगात दुसऱ्या क्रमांकावर आलेला संघ पदक गळ्यात घालून आपल्याच देशाकडे आधाराची याचना करतो, हे दृश्य महिला फुटबॉलच्या इतिहासातील एक मूलभूत दस्तऐवज आहे असे आम्ही मानतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याच जर्मनीला ब्राझीलने उपान्त्य सामन्यात ४-१ असे हरवले. त्या सामन्यात ब्राझील आधी एका गोलने मागे होता. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी साधणारा गोल केला तो फोर्मिगाने. मग क्रिस्तियानने दोन आणि मार्ताने एक गोल केला. ठळक मथळे त्यांचे झाले, आणि तेही न्याय्यच होते. अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिका, पुन्हा जादा वेळ, पुन्हा पराभव.

येथवरचा फोर्मिगाचा आलेख कोणत्याही थोर खेळाडूच्या आलेखासारखा आहे. तिशी ओलांडलेली मध्यरक्षक, दोन रौप्यपदके, आता निवृत्ती. परंतु खरी विलक्षण गोष्ट यानंतर सुरू होते, आणि आम्ही आरंभी उल्लेखिलेली गफलतही येथेच होते.

२०१५ च्या कॅनडातील विश्वचषकात ९ जून रोजी दक्षिण कोरियाविरुद्ध गोल करून ३७ वर्षे ९८ दिवस वयाची फोर्मिगा महिला विश्वचषकातील तोवरची सर्वांत वयस्क गोलकर्ती ठरली. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात माराकानावरच स्वीडनने ब्राझीलला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले, कांस्यपदकही हुकले, आणि वर्षअखेरीस मानाउसमध्येच तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. होय, मानाउसमध्येच, २०२१ चा निरोप हा दुसरा होता. मधल्या काळात काय झाले? २०१६ च्या अखेरीस एमिली लिमा यांची राष्ट्रीय संघाच्या पहिल्या स्त्री-प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि वर्ष पुरे होण्याआधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, त्यांना दूर करण्यात आले. निषेध म्हणून काही खेळाडूंनी राष्ट्रीय संघ सोडला. नव्याजुन्या खेळाडूंनी महासंघाला खुले पत्र लिहून निर्णयप्रक्रियेत स्त्रियांना स्थान मागितले. त्यानंतर पुन्हा प्रशिक्षक झालेल्या वादाओ यांनी २०१८ मध्ये फोर्मिगाला परत बोलावले. ती आली, आणि २३ जून २०१९ रोजी फ्रान्समधील ल आव्र येथे यजमान फ्रान्सविरुद्ध ४१ वर्षे ११२ दिवसांच्या वयात महिला विश्वचषकात खेळलेली सर्वांत वयस्क खेळाडू ठरली. त्या संघातील काही सहकारी खेळाडूंचा जन्म तिच्या पहिल्या विश्वचषकानंतरचा होता.

हा विक्रम जगभर साजरा झाला. 'वय हा केवळ आकडा आहे' या धाटणीचे लेख आले. आमचा आक्षेप नेमका या वाचनाला आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी मधल्या फळीत नव्वद मिनिटे धावणे हा देहाचा आणि शिस्तीचा पराक्रम आहे, यात वाद नाही. पण फुटबॉलच्या वेडाने झपाटलेल्या वीस कोटींच्या देशाला तिची जागा घेणारी खेळाडू घडवता आली नाही, निरोप देऊन झालेल्या खेळाडूला परत बोलवावे लागले, याला पराक्रम म्हणता येत नाही. एकाच विक्रमाची ही दोन वाचने आहेत. पहिल्या वाचनात व्यक्ती दिसते आणि व्यवस्था सुटते. त्या स्पर्धेत पराभवानंतर मार्ता कॅमेऱ्यासमोर जे बोलली ते याच दुसऱ्या वाचनाचे शब्दरूप होते. फोर्मिगा कायमची राहणार नाही, मी राहणार नाही, क्रिस्तियान राहणार नाही, या खेळाचे जगणे तुमच्यावर अवलंबून आहे, असे तिने देशातील मुलींना अश्रू आवरत सांगितले. जगाने त्यातून स्फूर्ती घेतली. पण त्या बोलण्यात उपदेशाइतकीच धास्तीही होती.

येथे एक प्रतिप्रश्न संभवतो, आणि तो आम्ही स्वतःलाही विचारला आहे. अशा सामाजिक वाचनात खुद्द फोर्मिगाच हरवून जात नाही का? जिच्या श्रमाला आधीच नोंद नव्हती, तिच्या दीर्घायुष्यालाही आपण व्यवस्थेच्या अपयशाचे लक्षण ठरवले तर तिच्यापाशी काय उरले? हा आक्षेप गंभीर आहे. त्याला आमचे उत्तर तिच्या कारकिर्दीतूनच द्यावे लागेल. २०१७ च्या आरंभी ती पॅरिस सेंट जर्मेनमध्ये दाखल झाली तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होती. एव्हाना युरोपातील महिला फुटबॉलमध्ये पैसा आणि वेग दोन्ही आले होते. त्या स्पर्धेत तिला कोणी दयाबुद्धीने खेळवत नव्हते. २०१८ मध्ये संघाने फ्रेंच करंडक जिंकला, आणि २०२०-२१ च्या मोसमात सलग चौदा वर्षे विजेत्या ठरलेल्या लियोंला मागे टाकून प्रथमच लीग जिंकली. तेव्हा फोर्मिगा त्रेचाळीस वर्षांची होती. ब्राझीलला तिचा पर्याय सापडला नाही हे त्या व्यवस्थेचे अपयश. पण युरोपातील अव्वल क्लबाला तो शोधावासा वाटला नाही, हे तिचे कर्तृत्व. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. चरित्रलेखकाला त्यांतील एक गाळण्याचा मोह होतो. इतिहासलेखकाने तो आवरला पाहिजे.

फोर्मिगा टिकून राहिली, त्या अवधीत व्यवस्थाही काही पावले सरकली, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. २०१९ पासून ब्राझीलच्या सर्वोच्च श्रेणीतील पुरुष क्लबांना महिला संघ ठेवणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२० मध्ये ब्राझीलच्या महासंघाने राष्ट्रीय संघातील स्त्री-पुरुषांना समान दैनिक भत्ता आणि समान बक्षिसे देण्याचे जाहीर केले. पाकाएम्बु मैदानाच्या इमारतीत, जिथे १९४० मध्ये स्त्रियांचा सामना झाला होता, २००८ साली फुटबॉल संग्रहालय उघडले. त्याने २०१५ मध्ये महिला फुटबॉलचा इतिहास दृश्यमान करण्याचा उपक्रम हाती घेतला. आरंभीची पिढी हयात होती म्हणून आठवणी, छायाचित्रे, कात्रणे गोळा होऊ शकली. महासंघाने जे जपले नव्हते ते खेळाडूंच्या घरच्या पेट्यांतून निघाले.

मानाउसच्या सामन्याकडे पुन्हा वळू. समोरचा भारतीय संघही अशाच तुटक इतिहासाचा वारस होता. ब्राझीलमध्ये बंदी उठली त्याच सुमारास कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या स्त्रिया उपविजेत्या ठरल्या होत्या, आणि गोव्याच्या योलांडा डिसूझा त्या पिढीतील गाजलेल्या खेळाडू होत्या. आज हे किती वाचकांना आठवते? मणिपूरची ओइनम बेमबेम देवी, तीही मधल्या फळीतील खेळाडू, १९९५ मध्येच, फोर्मिगाच्या पहिल्या विश्वचषकाच्या वर्षी, पंधराव्या वर्षी भारताकडून खेळू लागली आणि दोन दशके खेळत राहिली. २०१७ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, पण तिच्या सामन्यांचा सलग, विश्वासार्ह वृत्तान्त लिहू पाहणाऱ्याला कात्रणांच्या पलीकडे फारसे काही हाती लागत नाही. तिच्या कारकिर्दीची फोर्मिगाशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. दोघींच्या वाट्याला आलेल्या संधींत जमीनअस्मानाचा फरक होता. एवढेच म्हणायचे आहे की फोर्मिगाच्या बाबतीत जे संशोधन झाले, तसे आपल्याकडे व्हायचे आहे, आणि त्या खेळाडू हयात असतानाच व्हायला हवे.

राष्ट्रीय संघाचा निरोप घेण्याआधीच, २०२१ मध्ये, फोर्मिगा पॅरिसहून साओ पावलो क्लबात परतली होती. नव्वदच्या दशकात ती ज्या क्लबातून खेळली होती, त्याच क्लबात. मे २०२४ मध्ये २०२७ च्या महिला विश्वचषकाचे यजमानपद ब्राझीलला देण्यात आले. सामन्यांसाठी आठ शहरे निवडली गेली, त्यांत साल्वादोर आहे. १९७८ मध्ये त्या शहरात जन्मलेल्या मुलीला फुटबॉल खेळण्याची मुभा नव्हती, हे त्या सामन्यांच्या वृत्तान्तात कोणीतरी एका ओळीत लिहावे, एवढी अपेक्षा बाळगून आम्ही थांबतो.